विमानतळावरची तपासणी: कुठे निर्धास्त वाटलं, कुठे धाकधूक? अनुभव सांगा

आई गेल्या आठवड्यात भावाकडून, फ्रँकफर्टहून परत आली. जाताना इंदूरच्या अहिल्याबाई होळकर विमानतळावर जवानानं दारातच तिकीट आणि ओळखपत्र पाहिलं, आम्ही बाहेरूनच हात हलवले. तिकडून निघताना मात्र भाऊ तिच्यासोबत थेट तपासणीच्या रांगेपर्यंत! तेव्हापासून तिचा एकच घोशा, "तिथे कुणीही आत शिरतं गं, पर्स पोटाशी धरून बसले होते." माझं उलट. दारात बंदूक दिसली की मलाच काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटतं. तर मंडळी, तुमचं काय?

सुदामानगरकर: मी आईंच्या बाजूनं. ताई, ते जवान सीआयएसएफचे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं विमान अपहरण करून अफगाणिस्तानात कंदाहारला नेलं, आणि २००० पासून एकेक विमानतळ राज्य पोलिसांकडून या दलाकडे गेला. ते आठ दिवस आम्ही रामबागेतल्या वाड्यात टीव्हीपुढून हललो नव्हतो. त्यानंतर कुणी माझे खिसे चाचपले तर मला राग येत नाही. पट्टा काढायला लावतात तेव्हा पँट सावरता सावरता थोडा येतो, पण तो माझ्या दर्जीवर.

जीरावणवाली: माझा अनुभव अमेरिकेतला. तिथे २०१८ पासून हातातल्या बॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर असली की वेगळी तपासणी होते. माझ्याकडे इंदूरच्या सराफ्यातून घेतलेलं जीरावण, म्हणजे मसाल्याची पूड, दोन मोठे डबे! अधिकारी विचारतो, हे काय? आता पोह्यांवर भुरभुरतात ते इंग्रजीत कसं सांगू? त्यानं स्फोटकं तपासायची कागदाची पट्टी फिरवली, यंत्रात घातली आणि शिंकला. सोडलं मला, हसून सोडलं. पण माझ्या मागे हिजाब घातलेली एक मुलगी होती, तिच्या बॅगेत पावडर-बिवडर काही नव्हतं, तरी तिला बाजूला घेतलं. मला सुरक्षित वाटलं का? वाटलं. तिला वाटलं असेल का, हे विमानात बसल्यावर डोक्यात आलं.

आणि बूट! २००१ मध्ये एकानं बुटात स्फोटकं लपवून विमानात नेली, त्या पायी तिथे इतकी वर्षं सगळ्यांनी बूट काढले. जुलै २०२५ मध्ये ते बंद झालं. मी नेमकी जूनमध्ये गेले होते, फाटक्या मोज्यांत.

राजवाड्याजवळचा: भाऊ आत येतो हे छान, पण २०१६ मध्ये ब्रुसेल्सच्या विमानतळावर स्फोट झाले ते प्रस्थान कक्षातच, म्हणजे तपासणीच्या अलीकडे. आता कुणी म्हणेल, मग आपलं दारातलं बरं. अहो, पण सकाळच्या वेळी दाराबाहेर जी रांग लागते ती गर्दीच ना? धोका फक्त फूटपाथवर सरकला. मला दोन्हीकडे सारखंच वाटतं, म्हणजे फारसं काही वाटत नाही.

सूनबाई: सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले. यंत्र वाजणारच. इंदूरला पडद्याआड एका महिला जवानानं "माताजी, बैठ जाइए" म्हणत स्टूल दिलं, दोन मिनिटांत काम झालं. दुसऱ्या एका मोठ्या विमानतळावर (नाव नको) सगळ्यांसमोर उभं करून साडी गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितली. त्या दिवसापासून सासूबाई ट्रेननंच जातात. नियम दोन्हीकडे तोच होता हो.

गुमनाम: माझ्या बॅगेच्या कप्प्यात आंबे कापायचा चाकू राहिला होता. जाताना एका विमानतळावर कुणालाच दिसला नाही, येताना दुसरीकडे पकडला गेला. लोक म्हणतात पकडलं की भीती वाटते. मला भीती वाटली ती न पकडल्याची, आणि तीही परतीच्या विमानात बसल्यावर.

सुदामानगरकर: आणखी एक, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. तेलामुळे पेट घेतं म्हणून आपल्याकडे चेक-इनच्या बॅगेतही चालत नाही. बायकोनं खिरापतीसाठी घेतलेल्या वाट्या तिथेच सोडल्या.

धागाकर्ती: आईला सगळं वाचून दाखवलं. सूनबाईंच्या सासूबाईंसाठी हळहळली, पण फ्रँकफर्टबद्दल मत बदललेलं नाही. तिचा आता एवढाच प्रश्न आहे, दिवाळीला भावाकडे पाठवायच्या करंजीतलं खोबरं चालतं का? कुणी नेली आहे?