निक्सनचा घाम की केनेडीचे मुद्दे?

घाटमाथा: काल झोप येईना म्हणून अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतली २६ सप्टेंबर १९६० ची केनेडी-निक्सन डिबेट यूट्यूबवर अख्खी बघितली. मेकअप नाकारला, घाम फुटला आणि निक्सन निवडणूक हरले, ही गोष्ट मला आजवर अतिशयोक्ती वाटायची. आता वाटत नाही. शिकागोचा स्टुडिओ, कृष्णधवल चित्र, मागे फिकट भिंत आणि निक्सनचा सूटही त्याच रंगाचा. माणूस भिंतीत विरघळून गेलाय. ऑगस्टअखेरपासून गुडघ्याच्या संसर्गाने जवळपास दोन आठवडे इस्पितळात काढले होते, त्यामुळे वजन उतरलेलं. दाढीची काळी झाक लपवायला वरवर पावडर फासलेली. शेजारी केनेडी गडद सुटात, ताजेतवाने. जवळपास सात कोटी लोकांनी हे बघितलं. त्यांनी धोरणं ऐकली असतील यावर माझा विश्वास नाही.

तिरकस: आवाज बंद ठेवून बघितलंत का हो?

केनेडींची सुरुवातीची आठ मिनिटं परत ऐका. देशातल्या पोलाद कारखान्यांची निम्मी क्षमता पडून आहे, सोव्हिएत रशिया आपल्या दुप्पट शास्त्रज्ञ आणि इंजिनियर तयार करतोय, कृष्णवर्णीय मुलाला शाळा पूर्ण करण्याची संधी गोऱ्या मुलाच्या निम्मीच. एकामागून एक आरोपपत्रच. त्यावर निक्सन उठून काय म्हणतात, तर यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्यालाही मान्य आहेत! आठ वर्षं उपाध्यक्ष असलेला माणूस प्रतिस्पर्ध्याच्या मुद्द्यांना मान डोलावतो, यात पावडरीचा काय दोष?

आणि व्हॅनॉकर या पत्रकाराचा प्रश्न विसरलात. त्यानं निक्सनना आठवण करून दिली: निक्सनची कुठली मोठी कल्पना तुम्ही स्वीकारलीत, असं तेव्हाचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना विचारलं गेलं होतं. ते म्हणाले होते, आठवडाभर द्या, एखादी आठवेल. निक्सनचा सगळा प्रचार अनुभवावर, आणि साहेबांनीच पाय खेचलेला. ते गमतीत म्हणाले असतील, अशी सारवासारव निक्सनना करावी लागली.

घाटमाथा: मग रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकल्यासारखे का वाटले?

चौकस: हे जरा बेतानं घ्या. ते एकाच सर्वेक्षणावर उभं आहे आणि त्यात रेडिओ श्रोते तीनशेसुद्धा नव्हते. १९६० साली दहातल्या जवळपास नऊ घरांत टीव्ही होता. उरलेली घरं बरीचशी खेड्यापाड्यांतली, म्हणजे निक्सनकडे आधीच झुकलेली असण्याची शक्यता जास्त. कानांनी काय ठरवलं, ते यातून कळत नाही.

घाटमाथा: बरं, रेडिओ सोडला. पण एकूण चार फेऱ्या झाल्या. पुढच्या फेऱ्यांत निक्सननी नीट मेकअप केला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या क्वेमॉय आणि मात्सू बेटांवर तर घनघोर वाद झाला. कोणाला आठवतो? आणि देशभरात मतांचा फरक होता अवघा १ लाख १३ हजारांच्या आसपास. एवढ्यात घामसुद्धा पुरतो.

तिरकस: एवढ्यात काहीही पुरतं! मार्टिन ल्यूथर किंग तुरुंगात असताना केनेडींनी त्यांच्या पत्नीला फोन केला, तो का नाही पुरत? तो तर कुठल्याच कॅमेऱ्यासमोर नव्हता.

न्यूजर्सीकर: इथली दोन उदाहरणं देतो. १९७६ च्या डिबेटमध्ये तेव्हाचे अध्यक्ष फोर्ड म्हणाले, पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. चेहरा ठीक, सूट ठीक, वाक्य नडलं. दुसरं म्हणजे २७ जून २०२४. बायडन-ट्रम्प डिबेट लागली तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो, टीव्ही बाहेर. काहीच दिसत नव्हतं. बायडनना घसा बसलेल्या आवाजात करांवरून आरोग्याकडे जायचं होतं, मध्येच धागा सुटला आणि "आम्ही अखेर मेडिकेअरला हरवलं" असं काहीतरी बोलून गेले. मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, तो वाचवणं हाच त्यांचा मुद्दा! मी हातातलं पातेलं ठेवून बाहेर आलो. २१ जुलैला त्यांनी निवडणुकीतून माघार घेतली. ही प्रतिमा म्हणायची की धोरण? मला तरी वेगळं काढता येत नाही.

तिरकस: काढायचंही कशाला? चार वर्षं काम झेपेल का, हा मतदाराचा रास्त प्रश्न आहे. पण घाम आलेला माणूस काम करू शकत नाही, असं कुणी ठरवलं?

घाटमाथा: हे मान्य. तरी घामच आठवतो, त्याला माझा इलाज नाही. आज रात्री तिसरी फेरी लावतो, त्यात निक्सन लॉस एंजेलिसला आणि केनेडी न्यूयॉर्कला होते. या वेळी फोन उशीखाली, फक्त ऐकणार.

तिरकस: ऐका. क्वेमॉय-मात्सू सुरू झालं की झोप लागेल, गॅरंटी.