मॉडेलला खात्री नसेल तर त्याला थांबवायचं कसं? सल्ला हवा

रानवारा:
यंत्रांच्या माहितीपुस्तिकांवरून उत्तरं देणारा चॅटबॉट बनवतेय. ओपन वेट्सचं (आतले शिकलेले आकडे खुले असलेलं) छोटं भाषा-मॉडेल, ते चालवायला एकच जीपीयू चिप. खात्री नसली की त्यानं ठोकून देऊ नये. पुस्तिकेत शोधावं नाहीतर उलट विचारावं. ही खात्री मोजायची कशी? अट एकच: एका प्रश्नाला मॉडेल एकदाच चालवणं परवडतं.

खटपट्या:
तोच प्रश्न दहा वेळा विचारा, उत्तरांचे अर्थानुसार गट पाडा. गट जास्त तर खात्री कमी. याला सिमँटिक एन्ट्रॉपी म्हणतात, २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये पेपर आलाय. आमच्याकडे बिनतक्रार चालू आहे.

निवांत:
अहो, ताई एकदाच म्हणताहेत. आणि दहाही वेळा तेच चुकीचं उत्तर आलं तर? आमच्याकडे आलंय. लॉगप्रॉब्ज, म्हणजे उत्तरातल्या प्रत्येक टोकनाला (शब्दाला किंवा त्याच्या तुकड्याला) मॉडेलनं दिलेल्या संभाव्यतेचा लॉग, उत्तरासोबत फुकट मिळतात. सरासरी काढा, उंबरठा ठरवा, विषय संपला.

पाना_पकड:
सरासरीनंच घात होतो! आमच्या बॉटनं लिहिलं, "बोल्ट ४५ न्यूटन-मीटरला आवळा." बाकी सगळ्या टोकनांची संभाव्यता ०.९ च्या वर, ४५ मधल्या ४ ची फक्त ०.३८. सरासरी झकास आली आणि बोल्ट तुटला. किमान संभाव्यता बघा.

निवांत:
"आवळा" की "घट्ट करा" एवढ्यावरूनही संभाव्यता पडते. मग काय, प्रत्येक वाक्याला थांबायचं?

पाना_पकड:
म्हणूनच फक्त आकडे आणि पार्ट नंबर तपासायचे.

सावकाश:
किती खात्री आहे ते मॉडेललाच टक्क्यांत विचारा. आमचं व्यवस्थित सांगतं.

पारखी:
ते टक्केही त्यानं रचलेला मजकूरच. आमचं प्रत्येक उत्तराला ९५ म्हणायचं. लॉगप्रॉब्जही आंधळेपणानं घेऊ नका. जीपीटी-४ च्या २०२३ च्या अहवालात आलेखच आहे: मूळ मॉडेलचं कॅलिब्रेशन (खात्री आणि प्रत्यक्ष अचूकता यांचा मेळ) चांगलं, पुढच्या प्रशिक्षणानंतर ढासळलेलं. वेट्स हाताशी आहेत तर मधल्या थराच्या ॲक्टिव्हेशन्सवर (उत्तर देताना आत तयार होणाऱ्या आकड्यांवर) लिनिअर प्रोब, म्हणजे त्यांवरून उत्तर बरोबर की चूक ते सांगणारं छोटं सूत्र, शिकवा. बरोबर-चूक अशी खूण केलेली उत्तरं लागतील, पण मॉडेल पुन्हा चालवावं लागत नाही. विषय बदलला की प्रोब नव्यानं तपासायचा.

खटपट्या:
दहा वेळा विचारण्याला पर्याय नाही. दुसरा जीपीयू घ्याच.

रानवारा:
सगळ्यांचे आभार. त्या बोल्टचं वाचून ठरवलं: आकडे मॉडेलकडून लिहून घेणारच नाही, त्याला खात्री असो वा नसो. पुस्तिकेतली ओळ जशीच्या तशी दाखवायची. मॉडेलनं फक्त यंत्र ओळखायचं: शक्य त्या यंत्रांना क, ख, ग अक्षरं देऊन एकच टोकन लिहून घेते. पहिल्या दोन अक्षरांच्या संभाव्यतेत फार अंतर नसेल तर बॉट विचारेल, "तुमचं यंत्र यांपैकी कोणतं?" फार म्हणजे किती, ते आधी हातानं तपासलेल्या प्रश्नांवरून ठरवते.