कोल्हापूरविषयी सर्व काही, की केवळ कोल्हापुरी चप्पल?

प्रश्न – राजारामपुरीकर

मराठी ब्लॉग हाच पूर्णवेळ व्यवसाय करावा, असा माझा विचार आहे. पन्हाळा, अंबाबाईचे मंदिर, तांबडा-पांढरा रस्सा, कुस्ती आणि रोजच्या घडामोडी असे कोल्हापूरविषयी सर्व काही लिहावे, की केवळ कोल्हापुरी चप्पल हा एकच विषय धरावा, हे ठरत नाही. मामांचे चप्पल लाईनमध्ये दुकान असल्याने कारागिरांकडे माझे नेहमीचे येणे-जाणे आहे. मात्र इतक्या लहान विषयाला पुरेसे वाचक मिळतील का, आणि तो लवकर आटणार नाही ना, ही चिंता आहे.

उत्तर – शाहूपुरी

आपल्याला पैसे कोण देणार, हे आधी ठरवावे. विषयाची रुंदी त्यावरून ठरते. केवळ अ‍ॅडसेन्सच्या जाहिरातींवर चालायचे असेल, तर मराठी पानांवरचा जाहिरातींचा दर इंग्रजीच्या तुलनेत कमी असल्याने फार मोठी गर्दी लागते, आणि ताज्या घडामोडींच्या बाबतीत वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांशी एकट्याने स्पर्धा करणे जवळजवळ अशक्य आहे. याउलट चपलेची खरेदी करायला निघालेला वाचक संख्येने थोडा असला, तरी त्याच्या हातात पैसे असतात आणि त्याला नेमका सल्ला हवा असतो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे कसे ओळखावे, शिलाई चामड्याच्या वादीची आहे की दोऱ्याची, कापशी आणि पुकरी या चपलेच्या प्रकारांत फरक काय, नवी चप्पल चावत असेल तर काय करावे, याची उत्तरे कारागिराच्या शेजारी बसून, छायाचित्रांसह देणे आपल्याला शक्य आहे. तेथून मामांच्या दुकानाची विक्री वाढली, तर जाहिरातींवर अवलंबून राहण्याचे कारणच उरत नाही.

उत्तर – इचलकरंजीहून

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे, पण एक धोका सांगणे आवश्यक वाटते. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधील प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि काही काळ सर्वत्र हाच विषय होता. असा ओघ आला तसा ओसरतो. त्यावर घरखर्चाचा हिशेब मांडता येत नाही. शिवाय पावसाळ्यात चामड्याची चप्पल फारशी कोणी वापरत नाही, त्यामुळे त्या महिन्यांत खरेदीविषयीचे वाचन घटेल, हे गृहीत धरावे. त्या काळासाठी भिजलेल्या चपलेची निगा, साठवण आणि दुरुस्ती यांवरचे लेख आधीच तयार ठेवावेत.

विषय आटण्याची भीती मात्र मला पटत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन (जीआय) महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून आहे; त्यामुळे अथणी, निपाणीकडच्या कारागिरांपर्यंत जाण्याइतका हा विषय मोठा आहे.

राजारामपुरीकर

आपल्या उत्तरांमुळे बरेच स्पष्ट झाले. पुढे कोल्हापुरी साज (गळ्यातला दागिना), गूळ अशा विषयांकडे वळावेसे वाटले, तर ब्लॉगच्या नावामुळे अडचण होईल का?

उत्तर – शाहूपुरी

होऊ शकते, म्हणून नावात ‘चप्पल’ हा शब्द घालू नये; नाव कोल्हापूरच्या कारागिरीला सामावून घेणारे ठेवावे आणि लेखन मात्र चपलेपासूनच सुरू करावे. संकेतस्थळाला मुख्य उद्देश किंवा विषय आहे का, हा प्रश्न गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनातही विचारलेला आहे, तेव्हा पहिल्याच महिन्यात साज, गूळ आणि मिसळ एकत्र आणण्याची घाई करू नये. गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात लोक कोणते शब्द टाइप करून आपल्यापर्यंत येतात, ते दर आठवड्याला पाहावे. चपलेवर वाचायला आलेली माणसे हुपरीच्या चांदीविषयी किंवा कोल्हापुरी साजाविषयीही विचारू लागली, की दुसरा विभाग उघडावा.