डायलिसिस सेंटरखाली किडनीचा एजंट भेटला, भावासाठी काय करू?

सक्करदरावाला:
नमस्कार मंडळी. मोठा भाऊ 43 वर्षांचा, दोन्ही किडन्या फेल, दीड वर्षापासून डायलिसिस, सोम बुध शुक्र. डायलिसिसची सुई टोचायला हातात नस जोडून केलेला फिस्टुला पण आता त्रास देऊन राहिला. आईला शुगर आहे म्हणून डॉक्टरांनी तिला नाही म्हटलं, वहिनी एका पायावर तयार आहे पण तिचा ब्लड ग्रुप बी आणि भावाचा ए, जुळत नाही. तर मागच्या बुधवारी सेंटरखाली चहाच्या टपरीवर एक माणूस जवळ येऊन बसला, भावाचं नाव, ग्रुप सगळं त्याला आधीच माहीत. म्हणे 28 लाखात सगळं होते, डोनर आमचा, कागद आमचे, तुम्ही फक्त पासपोर्ट काढा. देश कोणता ते ॲडव्हान्स दिल्यावर सांगतो म्हणाला. बुटीबोरीकडचा प्लॉट विकला तर पैसे उभे होतात. आई म्हणते विकून टाक, माझं लेकरू वाचलं पाहिजे. मला चार रात्रींपासून झोप नाही. कोणाला माहिती असेल तर खरं खरं सांगा.

वऱ्हाडी_मास्तर:
भाऊ, डोनर आमचा म्हणजे कोण, हे विचारलं का त्याला? मी अकोल्याकडचा आहे. 2015 च्या डिसेंबरात आमच्याकडे किडनीचं प्रकरण उघडं पडलं होतं, सावकाराच्या कर्जात बुडालेली गरीब माणसं गाठून त्यांच्या किडन्या विकायला लावल्या, काहींना तर ऑपरेशनसाठी श्रीलंकेत नेलं होतं. तुमच्या त्या माणसाचा डोनर असाच कोणीतरी असणार, विदर्भातला नसला तर दुसरीकडचा.
माझ्या ओळखीतल्या एका हमालानं दिली होती किडनी. ठरलेल्यातले निम्मेच पैसे हातात आले, आता पोतं उचलवत नाही आणि सावकार आहे तसाच दारात उभा. एकट्याची गोष्ट नाही ही. चेन्नईत किडनी विकलेल्या 305 लोकांचा अभ्यास 2002 मध्ये छापून आला होता, 96 टक्के लोकांनी कर्ज फेडायला विकली होती आणि ज्यांनी कर्जापायी विकली त्यातले 74 टक्के तेव्हाही कर्जातच होते. घराची कमाई सरासरी एक तृतीयांशानं कमी झाली. आईचं दुःख समजते हो, पण तिकडंही कोणाची तरी आई आहे.

धंतोली_वकील:
कायद्याचं सांगतो. 1994 चा अवयव प्रत्यारोपण कायदा, 2011 मध्ये तो कडक झाला. पैसे देणारा, घेणारा, मधला एजंट तिघंही अडकतात, 5 ते 10 वर्षं कैद आणि 20 लाख ते 1 कोटी दंड. म्हणजे तुमचा भाऊ आजारी असला तरी आरोपी होऊ शकतो आणि प्लॉटचे पैसे देणारे तुम्ही पण. कागद आमचे म्हणजे खोटे कागद. 2016 मध्ये मुंबईत एक ऑपरेशन पोलिसांनी ऐनवेळी थांबवलं, तिथं डोनर बाईला पेशंटची बायको दाखवलं होतं.
आणि बाहेरच्या देशाचं म्हणाल तर युरोपातल्या कोसोवोचं प्रकरण वाचा. 2008 मध्ये तिथल्या प्रिस्टिना शहराच्या विमानतळावर एक तुर्की पोरगा चक्कर येऊन पडला, पाहतात तर पोटावर ताजा टाका. तिथून अख्खं क्लिनिक उघडं पडलं. सरकारी वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे घेणारे एक लाख युरोपर्यंत मोजायचे, देणाऱ्याला कबूल केलेले पंधरा हजारापर्यंत आणि कित्येकांना तेही मिळाले नाहीत. नेपाळात होक्से नावाचं गाव आहे, तिथल्या इतक्या लोकांना भारतात आणून किडन्या काढल्या की गावाची ओळखच ती झाली. पाकिस्ताननं 2007 मध्ये बंदी घातली, फिलिपिन्सनं 2008 मध्ये परदेशी पेशंटना दार बंद केलं, तरी एजंट लोक नवीन देश शोधूनच राहिले. म्हणून तो देशाचं नाव सांगून नाही राहिला तुम्हाला.

ओपीडीतली_ताई:
मी ट्रान्सप्लांटच्या पेशंटमध्ये काम करते, भावाच्या जिवाच्या बाजूनं सांगते. ऑपरेशन झालं म्हणजे संपलं असं नसतं, शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून रिजेक्शनच्या गोळ्या जन्मभर, आणि त्या गोळ्यांनी इन्फेक्शन लवकर धरतं. डोनरच्या टेस्ट कोणी केल्या, पहिल्या दिवसांत काय झालं, याचा नीट कागद नसला तर इथले डॉक्टर तरी काय करणार? एकेकाळी आखाती देशातले पेशंट मुंबईत येऊन किडनी विकत घ्यायचे, त्यांच्यावरचा अभ्यास 1990 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला होता, बरेच जण पहिल्या वर्षातच गेले आणि काहींना एचआयव्ही लागला.
रस्ता आहे हो. ए आणि बी म्हणजे तर स्वॅपसाठी चांगली जोडी, ज्या घरात पेशंट बी आणि डोनर ए आहे त्यांच्याशी अदलाबदल, 2011 च्या दुरुस्तीनं कायद्यात बसते, समितीची मंजुरी लागते. सोबत ब्रेनडेड डोनरच्या यादीत नाव टाका, ती यादी सांभाळणारं अवयव वाटपाचं केंद्र झेडटीसीसी नागपूरलाच आहे, हॉस्पिटलमधूनच नोंदणी होते. नागपूरच्या सरकारी मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत पण ट्रान्सप्लांट होतं, सरकारच्या महात्मा फुले योजनेचं तिथं विचारा.
एक विचारू का दादा? आईचं सांगितलं, वहिनीचं सांगितलं. तुमचा ग्रुप कोणता?

अमरावतीची_सून:
आमचं स्वॅपच झालं. हे बी, मी ए. पाच महिने वाट पाहिली, मग यवतमाळकडचं एक घर मिळालं, दोन्ही घरची ऑपरेशनं एकाच दिवशी. माझी किडनी त्या घरच्या काकूंना आणि काकांची यांना. तीन वर्षं झाली, संक्रांतीला त्यांच्याकडून तिळगूळ येतो. तुमच्या वहिनीला सांगा धीर सोडू नको.

सक्करदरावाला:
ताई, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलं. माझा ए पॉझिटिव्ह आहे. घरात कोणी विचारलं नाही कारण माझी पोरगी चार वर्षांची आहे, आणि मी पण सांगितलं नाही कारण भीती वाटत होती, आता खरं लिहून टाकलं. काल रात्री बायकोला बोललो. ती खूप रडली, पण सकाळी म्हणाली टेस्ट तर करून घ्या. त्या माणसाचे दोन फोन आले, उचलले नाहीत. फक्त मला वर्षभरापासून बीपीची एक गोळी आहे, तर मी बाद का?

ओपीडीतली_ताई:
लगेच बाद नाही. एकाच गोळीत बीपी ताब्यात असेल तर बाकीच्या टेस्ट पाहून किडनीचे डॉक्टर ठरवतात, कधी हो म्हणतात कधी नाही. सख्खा भाऊ म्हणजे जवळचा नातेवाईक, कागद कमी लागतात. सोमवारी भावाच्या डायलिसिसलाच सोबत या, रोजची बीपीची नोंद, गोळीचं पाकीट आणि दोघांचे आधार आणा. वहिनीलाही आणा, तिचं नाव स्वॅपसाठी त्याच दिवशी देऊन ठेवू. आणि त्या माणसाचा नंबर डिलीट करू नका, तो पोलिसांना द्यायचा आहे, भावाची माहिती त्याच्याकडं गेली कशी ते निघालंच पाहिजे.