रंगावर जाऊ नका

माशाची काळी अंडी ती कॅव्हिअर आणि लाल-केशरी ती नकली, असं काहीजण म्हणतात. रंगावरून काही ठरत नाही, मासा कुठला ते बघायचं. स्टर्जन कुळातल्या माशाची खारवलेली गाबोळी म्हणजे कॅव्हिअर. तिचा रंग करडा, तपकिरी, अगदी सोनेरीही असतो. उलट स्वस्त बाटलीतली काळीकुट्ट अंडी बहुतेक वेळा लम्पफिशची, रंग घातलेली. पांढऱ्या क्रीमवर ठेवा, थोड्या वेळात रंग सुटतो!

केशरी टपोरी ती सामन माशाची. नकली कशाला म्हणायची? झकास लागते, फक्त ती कॅव्हिअर नव्हे. सुशीवरची बारीक कुरकुरीत अंडी उडत्या माशाची किंवा कॅपलिनची.

कॅव्हिअर सामनच्या अंड्यांपेक्षा महाग, त्या फरकाचं मूळ माशाच्या वयात आहे. सामन काही वर्षांत अंड्यावर येतो, बेलुगा या जातीच्या स्टर्जनच्या मादीला पंधराएक वर्षं सहज लागतात. त्यात बेसुमार मासेमारी झाली, म्हणून 1998 पासून सगळ्या स्टर्जन जाती साइट्स (CITES) या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराखाली आहेत. आता बाजारातला बहुतेक माल मत्स्यशेतीतला असतो. डब्यावर जातीचं शास्त्रीय नाव आणि साइट्सचं लेबल असेल तरच कॅव्हिअरचे पैसे मोजा.