अलेंतेजोमध्ये आठ दिवस: किल्ले, पाषाणवर्तुळे आणि पायवाटा

गोदातीर (नाशिक)

नमस्कार. येत्या एप्रिलमध्ये मी आणि माझे वडील पोर्तुगालला जाणार आहोत. लिस्बनला बहीण राहते. तिच्याकडचे दिवस वगळले तर आमच्या हाती पूर्ण आठ दिवस उरतात आणि ते अलेंतेजो या ग्रामीण प्रांतातच घालवावेत, असा वडिलांचा आग्रह आहे. ते ६७ वर्षांचे असून इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. गेल्या डिसेंबरात त्यांनी साल्हेर चढून उतरला, त्यामुळे चालण्याची चिंता नाही, चिंता आहे ती निवडीची. एव्होरा, मोन्सराझ, मारव्हाँव, एल्व्हास, मेर्तोला आणि शिवाय अटलांटिकचा किनारा, अशी यादी वाढतच चालली आहे आणि प्रत्येक ठिकाणी एक रात्र राहून पुढे पळायचे, असा प्रवास आम्हा दोघांनाही नको आहे. यांतले काय ठेवावे, काय सोडावे, किनाऱ्यावरची पायवाट कितपत कठीण आहे आणि संपूर्ण शाकाहारी माणसाची जेवणाची सोय तिकडच्या खेड्यांत कशी होते, याबद्दल तिथे राहिलेल्या किंवा फिरून आलेल्या मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

तेजोकाठ (लिस्बन)

आठ दिवसांत दोनच मुक्काम ठेवा: आधी एव्होरा, मग किनारा. मेर्तोला मला फार प्रिय आहे. तिथल्या चर्चमध्ये जुन्या मशिदीचा मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, अजून जागेवर आहे. पण ते गाव बरेच दक्षिणेला पडते आणि त्याच्यासाठी स्वतंत्र दोन दिवस हवेत, म्हणून या खेपेस ते सोडावे. मारव्हाँवचेही तेच. साडेआठशे मीटरहून अधिक उंचीवरचा तो किल्ला पाहिला की आपल्याकडच्या दुर्गप्रेमी माणसाचा पाय तिथून निघत नाही, मात्र तो अगदी ईशान्येच्या टोकाला आहे.

एव्होरा लिस्बनपासून सुमारे १३० किलोमीटरवर असून रेल्वेने दीड तासात पोहोचता येते. पहिल्या शतकातले रोमन देऊळ आणि सोळाव्या शतकातली उंच कमानींची पाणवाहिनी वडिलांना आवडेलच. त्या पाणवाहिनीची एक गोष्ट मला दर वेळी थांबवते. ती गावात शिरते तिथे कमानींची उंची कमी होत जाते आणि त्या ठेंगण्या कमानींच्या पोटात लोकांनी घरे बांधली आहेत. कमानीइतकेच रुंद दार, बाजूला एक खिडकी, वर दगडी कमान, आणि आत माणसे राहत आहेत. सेंट फ्रान्सिसच्या चर्चला लागून असलेले हाडांचे प्रार्थनागृह मात्र वडिलांना विचारूनच पाहावे. भिंती आणि खांब माणसांच्या कवट्यांनी आणि हाडांनी मढवलेले आहेत आणि दारावर कोरले आहे, ‘येथे असलेली आम्ही हाडे तुमच्या हाडांची वाट पाहत आहोत.’ काहींना ते सोसत नाही.

एक अख्खी सकाळ अल्मेंद्रेसच्या पाषाणवर्तुळासाठी राखून ठेवा. एव्होराच्या पश्चिमेला ग्वादालुपे नावाचे खेडे आहे. तिथून कच्च्या रस्त्याने बुचाच्या ओक झाडांमधून चालत जाता येते. पूर्वेकडे उतरत गेलेल्या उतारावर सुमारे ९५ ग्रॅनाइटचे दगड उभे आहेत. बहुतेक दगड अंड्यासारखे गोलसर असून सर्वांत जुने इसवी सनापूर्वी सहाव्या सहस्रकात उभारलेले आहेत, म्हणजे इंग्लंडच्या स्टोनहेंजपेक्षाही पुष्कळ आधीचे. अभ्यासकांच्या नजरेस ते १९६४ मध्ये आले. सकाळी लवकर गेलात, तर तिरप्या उन्हात काही दगडांवरची झिजलेली कोरीव वर्तुळे आणि आकडीसारख्या खुणा दिसतात. दुपारच्या उन्हात त्या मुळीच दिसत नाहीत.

वाटेतल्या झाडांकडेही नीट पाहा. साल काढलेले खोड तांबूस तपकिरी दिसते आणि त्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा रंगवलेला असतो. तो साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा. म्हणजे ५ लिहिले असेल, तर २०२५ मध्ये काढलेली ती साल आता २०३४ मध्येच पुन्हा काढता येईल, कारण दोन सोलण्यांमध्ये किमान नऊ वर्षे जावी लागतात. लावलेल्या झाडाची पहिली साल काढायलाच सुमारे पंचवीस वर्षे लागतात. जगातले जवळपास निम्मे बूच पोर्तुगालमधून येते आणि त्याचा मोठा वाटा याच प्रांताचा आहे.

बुरूज आणि खंदक (वसई)

वडील इतिहासाचे शिक्षक आहेत असे वाचले, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

एव्होराहून पाऊण-एक तासावर व्हिला व्हिसोझा हे संगमरवराच्या खाणींचे गाव आहे. तिथे पोर्तुगालच्या ब्रागांझा राजघराण्याचा वाडा आहे आणि १६३८ मध्ये कॅथरीन ऑफ ब्रागांझाचा जन्म तिथेच झाला. १६६१ च्या विवाहकराराने इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मुंबई बेट आंदण म्हणून मिळाले, ते याच कॅथरीनच्या लग्नात. आपण शाळेत एवढेच शिकतो आणि ती जणू राजाची हौस होती असे समजून चालतो. पोर्तुगालने एवढे मोठे आंदण का दिले, हे मला त्या भागात फिरेपर्यंत उमगले नव्हते.

१६४० मध्ये पोर्तुगालने स्पेनचे राज्य झुगारले आणि त्यानंतर १६६८ पर्यंत लढाई चालू राहिली. स्पेनहून लिस्बनकडे येणारी सपाट, मोकळी वाट अलेंतेजोतूनच जाते. इंग्लंडचे सैन्य आणि आरमार पाठीशी हवे होते, म्हणून मुंबई, उत्तर आफ्रिकेतले टँजियर बंदर आणि भली मोठी रक्कम देऊ केली गेली. त्या कराराने आलेले इंग्रज शिपाई १६६३ मध्ये एश्त्रेमोझजवळच्या अमेश्याल येथे प्रत्यक्ष लढले. म्हणजे मुंबईची किंमत ज्या मैदानात वसूल झाली, ते मैदान तुमच्या वाटेवरच आहे. तिथे पाहण्यासारखे बांधकाम फारसे नाही, शेते आणि ऑलिव्हची झाडे आहेत, तरीही थांबावे.

तिथून पुढे सीमेलगत एल्व्हास. त्याच युद्धासाठी गावाभोवती उभारलेले तारकाकृती तट, कोरडे खंदक आणि त्रिकोणी बुरूज २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. सह्याद्रीतला किल्ला कड्याच्या आधाराने उभा राहतो. इथे कडा नाही, त्यामुळे सगळा भरवसा भूमितीवर आहे: प्रत्येक बुरुजाची बाजू शेजारच्या बुरुजावरून दिसली पाहिजे आणि तोफेला तटाचा उंच माथा न दिसता मातीचा उतार दिसला पाहिजे. हे पुस्तकात वाचून कळत नाही, खंदकात उतरून वर पाहिल्यावर कळते. माझे लहानपण वसईच्या किल्ल्यात गेले असल्यामुळे तिथले कोनाकृती बुरूज ओळखीचे होते, तरी त्यांचा हिशेब मला एल्व्हासच्या खंदकातच समजला. गावाबाहेरच्या टेकडीवर अठराव्या शतकातला ग्रासा किल्ला आहे. तोही पाहा. वडिलांना चढ किरकोळ वाटेल. या दोन गावांना मिळून एक दिवस पुरणार नाही. दोन द्या.

कड्यावरून (पुणे)

मी दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्येच किनाऱ्यावरची ‘मच्छीमारांची वाट’ चालले. पूर्ण वाट सिनेसच्या दक्षिणेपासून लागोसपर्यंत जाते आणि ती सव्वादोनशे किलोमीटरहून थोडी अधिक आहे. पोर्तो कोव्हो ते ओदेसाइश हे चार टप्पे अलेंतेजोतले म्हणून ओळखले जातात. तुमच्यासाठी यांतले दोन पुरेत: मिलफोन्तेस ते अल्मोग्राव्ह, सुमारे १५ किलोमीटर, आणि अल्मोग्राव्ह ते झांबुजेइरा, सुमारे २२ किलोमीटर.

चढ-उतार कमी आहेत, पण वाट बऱ्याच ठिकाणी मऊ वाळूची आहे आणि अंतरावरून वेळेचा अंदाज बांधणारा माणूस तिथे फसतो. १५ किलोमीटरला आम्हाला साडेसहा तास लागले आणि आमच्यातले कोणीही थकलेले किंवा आजारी नव्हते. घोट्यापर्यंत येणारे बूट घाला, म्हणजे वाळू आत जात नाही. सावली जवळजवळ नाही, तेव्हा दर माणशी किमान दोन लिटर पाणी हवे. खुणा हिरव्या-निळ्या पट्ट्यांच्या आहेत आणि सहज सापडतात. कड्याच्या अगदी टोकाशी मात्र जाऊ नका, वारा जोराचा असतो आणि काठ ठिसूळ आहे.

सार्दाँव भूशिराजवळ, दीपगृहाच्या आसपास, समुद्रातून वर आलेल्या सुळक्यांवर पांढऱ्या करकोच्यांची घरटी आहेत. एरवी हा पक्षी झाडावर, छपरावर किंवा विजेच्या खांबावर घरटे करतो. समुद्रकड्यावर तो वीण करतो, असे ठिकाण जगात दुसरे नाही. मी कड्यावर पोटावर पडून अर्धा तास पाहत होते. घरटे आमच्या पातळीच्या खाली होते, त्यामुळे पिल्लांच्या पाठी वरून दिसत होत्या, आई परत आली की चोचींचा टकटक आवाज लाटांच्या आवाजातूनही वर येत होता आणि खाली सरळ फेसाळलेले पाणी होते. दुर्बीण विसरू नका.

गोदातीर (नाशिक)

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. मुंबईच्या आंदणाचा भाग वडिलांना वाचून दाखवला, तेव्हा ते बराच वेळ नकाशा पाहत बसले. आता असे ठरते आहे: एव्होरात पाच रात्री, त्यांतले दोन दिवस व्हिला व्हिसोझा आणि एल्व्हाससाठी, आणि मग किनाऱ्यावर तीन रात्री. मोन्सराझ यात बसवता येईल का? आणि जेवणाचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

तेजोकाठ (लिस्बन)

मोन्सराझ एव्होराहून तासाभरावर आहे. दुपारी उशिरा जा आणि अंधार पडल्यावरच परत फिरा. पाटीच्या दगडाचे ते तटबंदीचे गाव अल्केव्हा धरणाच्या विस्तीर्ण जलाशयावर उभे आहे आणि तो परिसर रात्रीच्या काळोख्या आकाशासाठी प्रमाणित आहे. आपल्याकडे गावातून आकाशगंगा दिसेनाशी झाली, ती तिथे तटावरून दिसते. अमावास्येच्या जवळचा दिवस निवडा.

जेवणात डुकराच्या मांसाचे प्राबल्य आहे, हे आधीच सांगतो. ‘मिगास’ हा भाकरीच्या कुस्कऱ्यासारखा दिसणारा पदार्थ बहुधा चरबीत परतलेला असतो, तो टाळावा. ‘असोर्दा’ मात्र विचारून मागवा. लसूण, मीठ आणि भरपूर कोथिंबीर खलात कुटायची, त्यात ऑलिव्हचे तेल आणि उकळते पाणी घालायचे आणि शिळ्या पावाचे तुकडे त्यात भिजवायचे. वर अंडे असते, ते नको म्हणून सांगता येते. पाणी माशाचे नाही ना, एवढे मात्र नक्की विचारा. ‘सेंय कार्न, नेंय पेइश’, म्हणजे मांस नाही आणि मासाही नाही, हे वाक्य पाठ करून ठेवा. बसल्याबरोबर न मागता टेबलावर पाव, ऑलिव्ह आणि चीज येते. खाल्ले तर त्याचे पैसे लागतात, नको असल्यास तसे सांगावे. पण तो पाव आणि मेंढीच्या दुधाचे एव्होराचे चीज परत पाठवू नका. कोथिंबिरीचा वास आला की वडिलांना घरच्यासारखे वाटेल.