चाकणहून रात्री साडेअकराला सायकलने मोशी: दिवे कुठले, रेडियम किती?

चाकण_सेकंडशिफ्ट

नमस्कार मंडळी. सेकंड शिफ्ट साडेअकराला सुटते. चाकण एमआयडीसी ते मोशी, साधारण १२ किलोमीटर, सगळा पुणे-नाशिक हायवे. सायकल २८ इंची साधी काळी, मागे कॅरिअरवर डब्याची पिशवी. जुना बाटली डायनामो आहे, चालतो. कंपनीचं नारंगी जॅकेट आहे. बजेट दोन हजारांच्या आत.

ऑनलाइन एक लाइट दिसतोय: २००० लुमेन, ९९०० एमएएच बॅटरी, सातशे रुपये. घ्यावा का? मागचा दिवा ब्लिंकवर ठेवायचा की स्थिर? रेडियम टेप कुठे कुठे लावायची? आणि समोरून अप्पर मारत कंटेनर आला की काहीच दिसत नाही, त्याला काय करतात?

---

मागचं_चाक

आधी मागचा दिवा, मग पुढचा. या रस्त्यावर दुभाजक आहे, त्यामुळे तुमचा खरा धोका पाठीमागून येतो. हिशोब बघा. मागची गाडी ७० च्या वेगात, तुम्ही १६ च्या. म्हणजे अंतर दर सेकंदाला सुमारे १५ मीटरने कमी होतंय. ड्रायव्हरला तुम्ही १५० मीटरवरून कळलात तर त्याच्या हातात दहा सेकंद असतात, आरामात उजवीकडे सरकतो. ४० मीटरवर कळलात तर पावणेतीन सेकंदही नाहीत, आणि त्यातले दीड-दोन पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतात.

मागे दोन दिवे लावा. एक स्थिर, एक ब्लिंकवर. ब्लिंकने लक्ष वेधलं जातं, पण नुसत्या लुकलुकणाऱ्या ठिपक्यावरून अंतराचा अंदाज येत नाही. स्थिर दिव्यावरून येतो. शिवाय एकाची बॅटरी मध्येच गेली तरी अंधार होत नाही, आणि मागचा दिवा विझलेला आपल्याला बसल्या जागी कळत नाही हे लक्षात घ्या.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते. दिवा सीटच्या दांड्याला पट्ट्याने बांधला की त्याचं तोंड जमिनीकडे होतं, कारण दांडा मागे कललेला असतो. २८ इंची सायकलला हा कल वीसेक अंश तरी असतो. दिवा जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर असेल तर त्याचा मुख्य झोत तुमच्या मागे दोन-सव्वादोन मीटरवर डांबरात जातो. मागच्या ड्रायव्हरला मिळतो तो उरलासुरला उजेड. मग लोक म्हणतात दिवा स्वस्तातला होता म्हणून दिसत नाही! क्लिपच्या खालच्या बाजूला जुन्या चपलेच्या रबराची पाचर घाला आणि काच रस्त्याला काटकोनात उभी आली की आवळा. वीस पावलं मागे जाऊन, खाली बसून, कारच्या ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीवरून बघा.

तुमच्या बाबतीत मात्र सीटचा दांडा बादच. डब्याची पिशवी दिवा झाकणार. कॅरिअरच्या मागच्या टोकाला एल पट्टी नटबोल्टने बसवून घ्या, कुठलाही सायकलवाला करून देईल, आणि दिवा त्यावर. दुसरा मागच्या चिमट्याच्या (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) उजव्या दांडीला, कारण ओव्हरटेक करणारा उजवीकडूनच येतो. पिशवीचे बंद खाली लोंबून दिव्यावर येत नाहीत ना, तेही बघा.

---

वॉट_किती

तो लाइट घेऊ नका. आत १८६५० नंबरचा सेल असतो, आणि त्यातल्या चांगल्यात चांगल्या सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास संपते. ९९०० छापलेला सेल खोटाच. वजनावरूनही कळतं: खरा सेल ४५ ग्रॅमच्या वर भरतो, खोटे बरेचदा पस्तिशीतच असतात. २००० लुमेनचंही तसंच. तेवढ्या उजेडाला २० वॉटच्या आसपास लागतात. एका चांगल्या सेलमध्ये ११ वॉट-तास. म्हणजे दावा खरा धरला तरी अर्ध्या तासात खेळ खल्लास, आणि तोवर बॉडी हात लावू देणार नाही एवढी तापलेली.

तुम्हाला लागतं किती? १६ च्या वेगात सेकंदाला साडेचार मीटर जाता. खड्डा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे सात मीटर. दांड्यांच्या ब्रेकने थांबायला आणखी पाच. स्टीलची रिम ओली असेल तर तो आकडा दुप्पट धरा. तरी वीस-पंचवीस मीटरपर्यंत नीट उजेड पडला की काम झालं. त्याला खरे ३०० ते ४०० लुमेन पुरतात. ४०० लुमेनला चार-पाच वॉट, म्हणजे चांगल्या सेलवर दोन तास. तुमची फेरी पाऊण तासाची. एक दिवसाआड चार्ज करा. मधल्या मोडवर अर्धा आठवडा निघेल.

घेताना गोल टॉर्चसारख्या झोताऐवजी वरून कापलेला झोत असलेला दिवा मिळाला तर तो घ्या. उजेड रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यात जात नाही.

कोन लावायची पद्धत: सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर सायकल उभी करा, कुणाला तरी सीटवर बसवा आणि पिशवीही ठेवा, कारण वजनाने पुढचं तोंड थोडं वर उचललं जातं. हँडलवरचा दिवा जमिनीपासून १०० सेंटिमीटरवर असेल तर झोताचा मधला भाग भिंतीवर ७५ सेंटिमीटरवर यायला हवा. म्हणजे तो रस्त्याला २० मीटरवर टेकतो. भिंतीवर उजेडाचा जोरदार भाग १०० च्या वर जात असेल तर दिवा खाली करा. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, नाहीतर पहिल्याच स्पीडब्रेकरला दिवा मान टाकतो.

डायनामो काढू नका. थांबलात की तो विझतो, पावसात टायरवर घसरतो, बल्बचाही उजेड जेमतेम. पण बॅटरी दगा देते तेव्हा तोच घरी पोचवतो. त्याच्या चाकाचा अक्ष सायकलच्या चाकाच्या मध्याकडे रोखलेला हवा. तिरका असेल तर घासतो, टायरची बाजू खातो आणि घसरतोही जास्त. आणि अर्थिंग फ्रेममधून जातं, म्हणून पट्टीचा टोकदार स्क्रू रंग खरवडून धातूला लागलाय का ते बघा. डायनामोच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

---

झगमग_पिंपरी

पुढचा दिवा पण ब्लिंकवर टाका की. हायवेला एवढ्या उजेडात स्थिर दिवा कोण बघतंय? मी तर म्हणतो चाकातही रंगीत लाइट लावा, लांबून दिसतात.

---

वॉट_किती

दिवसा चालेल. रात्री पुढचा मुख्य दिवा ब्लिंकवर टाकलात तर तुम्हालाच खड्डा तुकड्यातुकड्यात दिसेल, आणि चौकात आडवा येणारा तुमचा वेग ताडू शकणार नाही. चाकातले रंगीत दिवे बाजूने दिसतात, मागून नाही. लाल रंग तर पुढे अजिबात नको. लाल म्हणजे गाडीची पाठ, असंच डोळा वाचतो. समोरच्याला वाटतं तुम्ही त्याच्यापासून लांब चाललाय. मागे जमिनीवर लेझरच्या दोन रेषा मारणारे दिवेही सोडा, हायवेला हेडलाइटच्या उजेडात त्या रेषा दिसतही नाहीत.

---

रेडियम_नाना

टेपचं मी सांगतो. सायकलच्या दुकानातली चमकी टेप घेऊ नका. ट्रकला लावतात ती घ्या, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत किंवा हायवेच्या कडेच्या रेडियमवाल्याकडे मीटरवर मिळते. ५० मिलिमीटर रुंद असते, मधोमध कापून २५ च्या पट्ट्या करा. मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, ट्रकचाच नियम. लाल अर्धा मीटर, पांढरी आणि पिवळी मिळून एक मीटर, पुष्कळ झाली.

कुठे: मागच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला १५ सेंटिमीटर (जुन्या काळ्या सायकलींना तिथे पांढरा रंग देत, तो उगाच नव्हता). कॅरिअरच्या मागच्या कडेला आडवी. पुढच्या चिमट्याला दोन्हीकडे. आणि पेडलच्या दोन्ही क्रँकला, बाहेरच्या आणि मागच्या अंगाला. ही शेवटची जागा चुकवू नका. स्थिर चमकणारी वस्तू खांब, दगड, पाटी काहीही असू शकते. वरखाली होणारी चमक पाहिली की पुढे पेडल मारणारा माणूस आहे हे ड्रायव्हरला लगेच उमगतं. म्हणूनच पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर तुटले असतील तर आधी ते बसवा, आणि दोन्ही घोट्यांना चमकदार पट्टे बांधा. जॅकेटपेक्षा घोट्याचा पट्टा लवकर ओळख देतो. खालून पडणाऱ्या डिपरमध्ये तो आधी येतो, आणि हलतोही.

लावताना: स्पिरिटने तेल-धूळ काढा, पूर्ण वाळू द्या, टेपचे कोपरे कात्रीने गोल करा. चौकोनी कोपरा आठवड्यात उचलतो आणि खाली माती शिरते. गंजलेल्या जागी आधी पॉलिशपेपर. रिमवर ब्रेक घासतो तिथे लावू नका.

जॅकेटचा नारंगी कपडा रात्री कामाचा नाही. तो रंग दिवसाच्या उजेडात भडक दिसतो, रात्री तो भडकपणा उरत नाही. रात्री काम करतात त्या फक्त चंदेरी पट्ट्या, आणि धुऊन धुऊन त्याही मरतात. तपासायला मोबाईलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी, कानशिलाला धरून तीस पावलांवरून बघा. हात लांब करून धरलात तर चमक दिसणारच नाही, कारण ती आली त्याच वाटेने परत जाते. पट्टी पांढरी लखलखली पाहिजे. मातकट दिसली तर कंपनीकडून नवं मागा.

एक लक्षात ठेवा, टेप उजेड पडला तरच. आडव्या रस्त्यावरून चौकात घुसणाऱ्याचा हेडलाइट तुमच्या बाजूवर पडेपर्यंत तो तुमच्या अंगावर असतो. तिथे पुढचा दिवाच वाचवतो.

---

डावी_कड

रस्त्यावरचं बोलू.

अप्पर: समोरून झोत आला की त्याच्याकडे बघू नका. नजर खाली, डाव्या पांढऱ्या कडेच्या पट्टीवर, आणि पेडल थांबवा. डोळे पुन्हा जुळायला काही सेकंद जातात, तेवढ्यात १६ च्या वेगात तुम्ही वीस-पंचवीस मीटर गेलेले असता. म्हणून झोत येण्याआधीच पुढचा तुकडा नजरेत भरून घ्यायची सवय लावा. हेल्मेटखाली छज्जाची टोपी घातली तर मान जराशी वाकवून झोत कापता येतो. चष्मा असेल तर निघण्याआधी पुसा, ओरखडे आणि तेलकटपणा झोत पसरवतात.

जागा: अगदी डांबराच्या कडेने जाऊ नका. नवा थर पडला की कड चार-चार इंच उंच राहते, चाक खाली उतरलं की परत चढवताना माणूस आडवा होतो, तोही रस्त्याच्या बाजूला. कडेपासून दीड-दोन फूट आत, सरळ रेषेत. जिथे पांढऱ्या पट्टीबाहेर डांबरी जागा आहे तिथे ती वापरा, पण तिथेच ट्रेलर उभे असतात, पार्किंग लाइट न लावता. लांबून लाल टेप चमकली आणि जवळ येत गेली तर तो उभा आहे असं समजा. पन्नास मीटर आधी मागे बघा, उजवा हात बाहेर काढा (उजव्या मनगटालाही पट्टा हवा), हळूहळू बाहेर या. ट्रकपाशी पोचून ऐनवेळी वळलात तर मागच्याला काही कळायच्या आत तुम्ही त्याच्या लेनमध्ये.

चालता कंटेनर: बाजूने जाताना वारा आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. हँडल घट्ट आवळू नका, कोपर सैल ठेवा, डाव्या बाजूला थोडी जागा राखून ठेवा. चौकात ट्रेलरच्या डाव्या अंगाला कधीच थांबू नका. वळताना त्याची मागची चाकं आत कापत येतात, आणि केबिनच्या डावीकडचं ड्रायव्हरला खालचं दिसत नाही. त्याच्या मागे थांबा, सिग्नल सुटला की त्याला जाऊ द्या.

उलट्या दिशेने बिनदिव्याची दुचाकी येते हा इथला नित्याचा प्रकार. तिला डावीकडून जाऊ द्यायचं की उजवीकडून, हे तिथल्या तिथे ठरवायला जाऊ नका. वेग कमी करा, आपल्या रेषेत राहा, घंटी वाजवा. ऐनवेळी दोघंही एकाच बाजूला सरकतात तेव्हाच धडक होते.

पंक्चर झालं तर रस्त्याच्या पट्ट्यापासून पूर्ण बाहेर, शक्यतो लोखंडी कठड्याच्या पलीकडे. मागचा दिवा चालूच, तोंड येणाऱ्या गाड्यांकडे. चाक काढायच्या भानगडीत पडू नका. टायरची एक बाजू उचलून ट्यूब बाहेर ओढा, पॅच लावा, परत आत सारा.

---

चाकण_सेकंडशिफ्ट

भारी, धन्यवाद सगळ्यांना. एकच राहिलं, पावसाळा. रेनकोट काळा आहे, तो जॅकेट झाकतो. आणि दिव्यात पाणी जातं का?

---

रेडियम_नाना

जॅकेट रेनकोटच्या वरून घाला, जाळीचं असतं, भिजलं तरी वाळतं. एक माप मोठं मागून घ्या म्हणजे वरून बसेल. रेनकोटच्या कापडावर ट्रकची टेप टिकत नाही, घडीवर तडकते. शिवायची कापडी चंदेरी पट्टी आणा, दंडाला आणि पाठीवर मारून घ्या. शिवलेल्या भोकांतून पाणी झिरपतं, म्हणून आतून सीमटेप (शिवण झाकणारी पट्टी) नाहीतर रबरी सोल्यूशनचा हात. डब्याच्या पिशवीवर प्लास्टिक घालणार असाल तर ते पारदर्शक घ्या आणि कॅरिअरवरच्या दिव्यावर येऊ देऊ नका.

---

वॉट_किती

दिव्याच्या खोक्यावर आयपीएक्स (पाणी अडवण्याचा दर्जा) ४ लिहिलं असेल तर शिंतोड्यांना चालतो, ७ असेल तर बिनधास्त. पाणी शिरतं ते चार्जिंगच्या भोकातून. रबरी बूच पूर्ण दाबलंय ना ते बघा आणि त्याच्या कडेला सिलिकॉन ग्रीसचं पातळ बोट फिरवा. साधं ग्रीस नको, रबर फुगतं. भिजलेला दिवा लगेच चार्जिंगला लावू नका, बूच उघडून रात्रभर तसाच ठेवा. आणि मागच्या दिव्यावर चिखल उडतो, मडगार्ड असूनही. कंपनीतून निघताना रुमालाने काच पुसा, रोज.